कीबोर्डला आपलं वळण लावूया



“ताई, लॅपटॉप सुरू झाला, पण त्याला आता मराठीच येत नाही.” ही तक्रार गेल्या काही महिन्यांत मी इतक्या गटांकडून ऐकली, की आजचा अख्खा वेळ तिलाच द्यायचं ठरवलं. ज्यांच्या ग्रामसंघात लॅपटॉप आहे त्यांनी तो समोर घेऊन बसा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी नुसतं ऐका, आज ना उद्या येणारच आहे. कागद-पेन मात्र सगळ्यांनी जवळ ठेवा. रेडिओवर बटणं दाखवता येत नाहीत, त्यांची नावंच सांगावी लागतात.

आधी हे झालं कसं ते बघू. आपल्या बऱ्याच गटांकडचे लॅपटॉप नवे कोरे नाहीत. कुणाच्या ऑफिसातून वापरून निघालेले, कुणाच्या मुलाने नवा घेतल्यावर दिलेले. त्यांच्यावर विंडोज १० होतं. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला, आणि विंडोज ११ या जुन्या मशीनवर बसत नाही. मशीन धडधाकट, पण आतली प्रणाली म्हातारी. म्हणून अनेक ठिकाणी कुणा जाणकाराने त्यावर लिनक्स घालून दिलं. आपल्याकडे जास्त करून लिनक्स मिंट दिसतं, म्हणून मी तेच धरून बोलणार आहे.

लिनक्स हे नाव ऐकून बिचकू नका. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली आणि जगभरच्या लोकांनी ते वाढवलं. ते फुकट मिळतं, चोरीचं नाही, आणि दोन जीबी मेमरीच्या मशीनवरही मिंट चालतं. चार असली तर नीट चालतं. केरळातल्या सरकारी शाळांमधली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतात. तेव्हा आपल्याला काहीतरी हलकं दिलंय असं मनात आणू नका.

अडचण वेगळीच आहे. घालून देणारा माणूस घाईत असतो. कोणता कीबोर्ड, असं मशीन मध्येच विचारतं. तो समोर आलेला अमेरिकन कीबोर्ड तसाच ठेवतो आणि पुढे जातो. त्याचं काम झालं. आपलं मात्र अडलं, कारण अमेरिकन कीबोर्डला ना मराठी अक्षर माहीत, ना रुपयाचं चिन्ह.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. ती समजली की पुढचं सगळं सोपं आहे. बटणावर जे अक्षर छापलंय ते बटण पाठवत नाही. बटण फक्त आपला नंबर पाठवतं. चाळीत बेल वाजावी तसं आहे हे. बेल सांगते की अमुक नंबरच्या खोलीबाहेर कुणीतरी आलंय. दार उघडायला सून जाणार की सासू, ते घरात ठरतं. तसंच ‘के’ छापलेलं बटण दाबलं की मशीनला तेवढंच कळतं, की या जागेचं बटण दाबलं गेलं. त्याचं इंग्रजी के करायचं की मराठी क, हे आतली प्रणाली ठरवते. आणि प्रणालीला ते आपण सांगायचं असतं. म्हणजे मराठी गेलेली नाही, तिला अजून कुणी बोलावलेलंच नाही.

बोलवायचं कसं? डाव्या कोपऱ्यातला मेनू उघडा आणि शोधायच्या जागी इंग्रजीत कीबोर्ड लिहा. कीबोर्डच्या सेटिंगचं पान उघडेल. त्यात लेआउट्स नावाचा भाग आहे. लेआउट म्हणजे मांडणी, कोणत्या बटणावर कोणतं अक्षर ती. तिथे अधिकचं चिन्ह दाबलं की जगभरच्या भाषांची लांबलचक यादी येते. (मिंटच्या आवृत्तीप्रमाणे पानांची नावं जरा इकडेतिकडे होतात, पण लेआउट हा शब्द सापडतोच.)

यादीतून आपल्याला दोनच मांडण्या घ्यायच्या आहेत. पहिली, रुपयासह भारतीय इंग्रजी. तिच्यात उजवीकडचं ऑल्ट बटण दाबून धरून ४ दाबला की ₹ उमटतो. हे चिन्ह २०१० साली आलं, म्हणून जुन्या लॅपटॉपच्या बटणावर ते छापलेलं नसेल. छापलेलं नसलं म्हणून अडत नाही, हे तुम्हाला आता माहीत आहे. दुसरी मांडणी मराठी, इनस्क्रिप्ट. मराठीच्या नावाने आणखी एक दिसते, कागप. ती इंग्रजी उच्चाराच्या जवळ जाणारी आहे. मी इनस्क्रिप्ट का सांगते ते पुढे येईलच. दोन्ही घेतल्यावर आधीची अमेरिकन मांडणी यादीतून काढून टाका. तिसरी राहिली तर भाषा बदलताना दर वेळी ती मध्ये कडमडते.

भारतीय इंग्रजी सगळ्यात वर ठेवा. हे महत्त्वाचं आहे. एका गटाचा लॅपटॉप आठवडाभर कुलूपबंद राहिला होता. पासवर्ड बरोबर, लिहिणारी बरोबर, तरी मशीन म्हणे चूक. कारण पासवर्डच्या रकान्यात मांडणी मराठी झाली होती. तिथे अक्षरांऐवजी टिंबं दिसतात, त्यामुळे आपण इंग्रजीऐवजी देवनागरी लिहितोय हे कळणार कसं? तोवर गटात कुजबुज सुरू झाली होती, की सचिवताईंनी पासवर्ड बदलला आणि सांगत नाहीत. बघा, बटणावरून गोष्ट कुठे जाते. म्हणून इंग्रजी वर ठेवा, आणि पासवर्ड अडला की आधी पडद्याच्या वरच्या उजव्या बाजूला कोणती भाषा दिसते ते बघा. माणसावर संशय त्यानंतर.

याच्याच जवळची दुसरी अडचण. काही ठिकाणी अमेरिकनऐवजी ब्रिटनची मांडणी निवडलेली असते. मग ईमेलचा पत्ता लिहिताना शिफ्ट आणि २ दाबलं की ॲट ऐवजी दुहेरी अवतरण उमटतं, आणि ॲट सापडतो एन्टरजवळच्या अवतरणाच्या बटणावर. शिफ्ट आणि ३ दाबलं की पौंडाचं चिन्ह येतं. असं दिसलं तर लॅपटॉप बिघडलेला नाही, तो लंडनचा समजून चाललाय. भारतीय इंग्रजी लावा, ठीक होतो. तोवर पासवर्डमध्ये साधी अक्षरं आणि आकडेच ठेवा, चिन्हं नकोत.

आता भाषा बदलायचं बटण. इथे मी आग्रहाने एकच सांगते, कॅप्स लॉक. डावीकडे करंगळीजवळ हे मोठं बटण आहे. मराठीत लहान-मोठी लिपी नाही, त्यामुळे आपल्याला त्याचा उपयोग शून्य. उलट चुकून दाबलं गेलं की सगळी अक्षरं बदलतात आणि बाई गांगरते. तर या रिकामटेकड्याला काम देऊ. लेआउट्सच्याच पानावर ऑप्शन्स आहे. त्यात दुसऱ्या मांडणीवर जाण्यासाठी कोणतं बटण, अशी एक यादी आहे. तिथे कॅप्स लॉकवर खूण करा. त्याच ऑप्शन्समध्ये कीबोर्डवरच्या दिव्याने दुसरी मांडणी दाखवायची सोय आहे. तिथेही कॅप्स लॉक निवडा. झालं. दिवा पेटला की मराठी, विझला की इंग्रजी. पडद्याच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं शोधावी लागत नाहीत. चाळिशी लागलेल्या आमच्या अध्यक्षताईंना ही एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडली. काही लॅपटॉपच्या या बटणाला दिवाच नसतो. त्यांनी खालच्या पट्टीवरची भाषेची खूण बघायची. इंग्रजी मोठं अक्षर हवं असेल तर शिफ्ट आहेच.

आता इनस्क्रिप्ट. बऱ्याच जणी म्हणतात, ताई, मोबाइलवर आम्ही इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि मराठी होतं, तसंच द्या ना. तीही सोय मिंटमध्ये आहे. इनपुट मेथड नावाच्या पानावरून ती घालता येते. महिन्यातून एखादं पत्र लिहायचं असेल तर तीच घ्या, मी अडवणार नाही. पण दर आठवड्याला इतिवृत्त लिहायचं असेल, तर प्रत्येक मराठी शब्दाचं आधी इंग्रजी स्पेलिंग मनात का करायचं? शिवाय आपल्यातल्या कितीतरी जणी मराठी झकास लिहितात आणि इंग्रजी अक्षरं त्यांना चाचपडत वाचावी लागतात. त्यांना इंग्रजीच्या दारातून मराठीत यायला लावणं मला पटत नाही. इंटरनेटवरच्या पानावर मराठी करून घ्यायची पद्धत तर आणखी बेभरवशाची. रेंज गेली की लिहिणं थांबलं. इनस्क्रिप्ट मशीनच्या आतच असते, तिला नेट लागत नाही.

ही मांडणी १९८६ साली भारत सरकारने ठरवली आणि ती सगळ्या भारतीय लिप्यांना एकच आहे. मराठीचा क ज्या बटणावर, कन्नडचा आणि गुजरातीचाही त्याच बटणावर. सीमेलगतच्या मैत्रिणींना याचं मोल कळेल.

तिची रचना आपल्या बाराखडीसारखी शहाणी आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटा असतो, डोळे मिटून हात लावा, लागेल. डाव्या हाताची पहिली चार बोटं ए, एस, डी, एफ वर ठेवा आणि उजव्या हाताची जे, के, एल आणि शेजारच्या अर्धविरामावर. आता उजव्या हाताखाली आहेत र, क, त, च. क वर शिफ्ट दाबलं की ख, त वर थ, च वर छ. म्हणजे साध्या अक्षराच्या डोक्यावर त्याचंच जड भावंडं बसलंय. जे बटण के, त्याच्या वरचं आय म्हणजे ग, आणि त्यावर शिफ्ट म्हणजे घ. क, ख, ग, घ एकाच कोपऱ्यात. शाळेत पाठ केलेलं बोटांना परत सापडतं.

‘बचत गट’ लिहून बघा. वाय, अर्धविराम, एल. मग मोकळी जागा. मग आय, आणि त्या ओळीखालचं अवतरणाचं बटण. अख्खा बचत गट एका उजव्या हातात बसतो!

डाव्या हाताला काना आहे ई वर, पहिली वेलांटी एफ वर, दुसरी आर वर, पहिला उकार जी वर, दुसरा टी वर, एक मात्रा एस वर आणि काना-मात्रा ए वर. अनुस्वार एक्स वर. शिफ्टसह हीच बटणं पूर्ण स्वर देतात. एफ ही वेलांटी, तर शिफ्ट-एफ म्हणजे इ. डी वर शिफ्ट म्हणजे अ.

वेलांटीबद्दल एक सूचना, विशेषतः ज्यांनी मराठी टायपिंगचा क्लास केलाय त्यांना. टाइपरायटरवर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात, कारण ती डावीकडे दिसते. इथे आधी अक्षर, मग वेलांटी. आपण ‘कि’ म्हणताना आधी क म्हणतो, तसंच. ती उडी मारून आपल्या जागी जाते. तुमच्या बोटांना पंधरा दिवस राग येईल, मग विसरतील.

आता सगळ्यात कामाचं बटण, डी. त्यावर पाय मोडण्याचं चिन्ह आहे. जोडाक्षर म्हणजे पहिल्या अक्षराचा पाय मोडायचा आणि दुसरं जोडायचं. ‘कर्ज’ लिहायचं तर के, जे, डी, पी. म्हणजे क, र, रचा पाय मोडला, ज. रफार आपोआप डोक्यावर चढतो. ‘क्रम’ लिहायचं तर के, डी, जे, सी. इथे कचा पाय मोडला आणि र खाली गेला. उच्चारात जे आधी ते आधी, एवढंच ध्यानात ठेवा. क्ष साठी क, डी, आणि स्वल्पविरामावर शिफ्ट दाबून येणारा पोटफोड्या ष. ज्ञ साठी ज, डी आणि ञ. हा ञ एन्टरजवळच्या बंद होणाऱ्या चौकटी कंसाच्या बटणावर शिफ्ट दाबून मिळतो. ‘लक्ष्मी’ सात बटणांत होते: एन, के, डी, शिफ्ट-स्वल्पविराम, डी, सी, आर. आपल्या गटांमध्ये लक्ष्म्या किती आहेत ते मोजा, म्हणजे हे पाठ करण्याचं महत्त्व कळेल.

आणखी एक खास मराठी अक्षर. ‘शेतकऱ्यांना’ या शब्दातला ऱ्या बघा. साध्या र ने लिहिलं तर रफार डोक्यावर चढतो आणि शब्द भलताच दिसतो. इथे शिफ्ट-जे दाबायचं, मग डी, मग य. य आहे शेवटच्या ओळीत शिफ्टच्या शेजारी, तिरक्या रेघेच्या बटणावर. ‘दुसऱ्या’, ‘कोपऱ्यात’, ‘साऱ्यांनी’ हे सगळे असेच. आणि ‘बँक’ साठी ब वर चंद्रबिंदू, म्हणजे शिफ्ट-एक्स. ळ हवा तर शिफ्ट-एन.

ही सगळी बटणं ऐकून लक्षात राहणार नाहीत, मला माहीत आहे. लेआउट्सच्या पानावर मांडणीचं चित्र बघायची सोय आहे. ते चित्र मोठं छापून घ्या आणि लॅपटॉपच्या मागे भिंतीवर लावा. बटणांवर चिकटवायचे पारदर्शक स्टिकरही मिळतात, पण मला भिंतीवरचं चित्र बरं वाटतं. बटणाकडे बघत राहिलं की बोटं शिकतच नाहीत.

एवढी खटपट का, असं कुणी विचारेल. आमच्या भागातल्या एका गटात इतिवृत्त टाइप करायला तालुक्याच्या दुकानात द्यायचे. पानामागे पैसे जायचेच, पण मोठं नुकसान नावांचं. एकीचं नाव कागदावर भलतंच आलं, आणि कर्जाच्या वेळी कागदावरचं नाव वेगळं, पासबुकावरचं वेगळं. दोन फेऱ्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. शिवाय कोण किती कर्ज मागते, कुणाचा हप्ता थकला, हे गटातलं बोलणं दुकानात बसलेल्या चार पोरांनी का वाचावं? गटाचं लिखाण गटातल्या बाईच्या हातून व्हावं, यासाठी कीबोर्ड तिच्या हाताला बसवायचा आहे.

हाताला बसवायचं म्हणजे खरोखरच हाताला. कीबोर्डच्या त्याच पानावर टायपिंग नावाचा भाग आहे. बटण दाबून धरलं की अक्षर किती वेळाने परत परत उमटायला लागतं, ते तिथे ठरतं. खुरपं आणि कुदळ धरणारी बोटं बटण जरा जास्त वेळ दाबून ठेवतात, आणि ‘कमल’ च्या जागी ककककमल होतं. बाईला वाटतं आपल्याला जमत नाही. जमतं! तिथली थांबण्याची वेळ वाढवा, किंवा परत उमटणं बंदच करा.

दुसरं, लिहिता लिहिता कर्सर अचानक दुसऱ्या ओळीत पळतो. तळहाताचा किंवा बांगडीचा स्पर्श खालच्या टचपॅडला होतो म्हणून. माउस आणि टचपॅडच्या सेटिंगमध्ये, टाइप करताना टचपॅड बंद ठेवा, अशी एक खूण आहे. ती करा. बांगड्या काढायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

आमच्या एका सदस्येच्या उजव्या हाताची दोन बोटं कडबा कुट्टीत गेली आहेत. तिला शिफ्ट धरून दुसरं बटण दाबणं अवघड जात होतं. ॲक्सेसिबिलिटी, म्हणजे सुलभतेच्या पानावर स्टिकी कीज नावाची सोय आहे. ती चालू केली की आधी शिफ्ट दाबून सोडायचं, मग दुसरं बटण दाबायचं. मशीन दोन्ही एकत्र दाबल्यासारखं मानतं. आज त्या गटाची हजेरी तीच लिहिते. त्याच पानावर स्लो कीज नावाची दुसरी सोय आहे, ज्यात बटण बराच वेळ दाबून धरलं तरच घेतलं जातं. कधी कीबोर्ड मेल्यासारखा वाटला आणि दाबून धरल्यावर मात्र अक्षर उमटलं, तर दुकानात न्यायच्या आधी ही सोय चुकून चालू झालीय का ते बघा.

वरच्या ओळीतल्या एफ-१ ते एफ-१२ बटणांचाही एक घोळ असतो. ती दाबली की आवाज नाहीतर उजेड कमी-जास्त होतो. ही गोष्ट लिनक्सच्या हातात नसते, लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये असते. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की ती बदलते. नाहीच बदलली तर एफएन धरून दाबा, काम होतं. मी हे मुद्दाम सांगते, कारण लिबरऑफिसमध्ये एफ-३ फार उपयोगी आहे. नेहमीचा मजकूर ऑटोटेक्स्टमध्ये एकदा साठवून त्याला छोटं नाव द्यायचं. मग ते नाव लिहून एफ-३ दाबलं की पूर्ण मजकूर उमटतो. गटाचं लांबलचक नाव, गाव, तालुका, जिल्हा दर वेळी लिहायला नको. पण ‘सर्वानुमते ठराव मंजूर’ हे वाक्य तसं साठवू नका. एखादीने विरोध केलेला असतो, आणि बोट सवयीने एफ-३ वर जातं.

जुन्या लॅपटॉपची एखादी बटणं मेलेलीही असतात. आमच्याकडे एका लॅपटॉपचं नेमकं डी गेलं होतं. इंग्रजीत फारसं कळलं नसतं, पण इनस्क्रिप्टमध्ये डी म्हणजे पाय मोडायचं बटण. लक्ष्मी, ज्योती, पद्मा सगळ्याच अडल्या. अशा वेळी बाहेरून लावायचा साधा यूएसबी कीबोर्ड हा सरळ उपाय. तो येईपर्यंत मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमधून इनपुट रिमॅपर नावाचा प्रोग्राम घालता येतो. त्यात आपण न वापरणाऱ्या बटणाला सांगायचं, की आजपासून तू डी. बेलचा नंबर बदलून दिला, एवढंच. म्हणून जुनं मशीन घेताना एक करा: लिनक्स घालण्याआधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येतं, तेव्हाच प्रत्येक बटण एकदा दाबून बघा. घातल्यावर आधीचा सगळा डेटा पुसला जाऊ शकतो, त्याची प्रत आधी काढून ठेवा.

काही गटांनी विचारलंय की जुन्या फाइली उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, तो कोणत्या सेटिंगने जाईल? तो कीबोर्डचा दोष नाही. ते लिखाण कृतीदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं आहे, आणि तो फॉन्ट नसला की तसंच दिसतं. आता इनस्क्रिप्टने जे लिहाल ते युनिकोडमध्ये असतं. ते मोबाइलवर, बँकेत, कुठेही मराठीच दिसेल.

हिशेबाच्या तक्त्यात आकडे भरताना दिवा विझवून, म्हणजे इंग्रजी मांडणीवर भरायचे, असा आम्ही नियम केलाय. नावं मराठीत, रकमा इंग्रजी आकड्यांत. दोन प्रकारचे आकडे एका रकान्यात मिसळले की बेरीज तपासणारीचं डोकं फिरतं.

सरावासाठी परिच्छेद वगैरे घेऊ नका. पुढच्या बैठकीत हजेरीची वही उघडा आणि दहा सदस्यांची पूर्ण नावं टाइप करा. पासबुकाशी अक्षर-अक्षर ताडून बघा. मग प्रत्येकीला तिचं नाव तिच्या बोटाने एकदा लिहायला लावा, अगदी आजीबाईंनासुद्धा. कोणतं नाव अडलं ते मला कार्यालयात कळवा, त्याची बटणं पुढच्या बुधवारी सुरुवातीलाच सांगेन. त्या दिवशीचा विषय आहे प्रिंटर. ज्यांचा कागद अडकतो, त्यांनी तो तसाच ओढून काढू नका, तोवर थांबा.